बेचाळिसावा

"हवालदारसाहेब, तुमचा डावा पाय उशिरा पडतोय," गजाआडून घड्याळजी म्हणाला. "महिनाभर ऐकतोय मी."

हवालदार किल्ल्या वाजवत पुढे गेला. घड्याळजी म्हणजे सतरा नंबरचा कैदी. बाहेर असताना तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि त्याचे कान अजून त्याच नोकरीत होते. हवालदार या आतल्या बराकीवर अकरा वर्षं होता. उजाडायच्या आत यायचा, दिवे लागल्यावर जायचा. रोज अकरा वाजता अंगणाचं दार उघडून तो एकेक नंबर पुकारायचा, "हजर" ऐकलं की एकेकाला बाहेर सोडायचा. एक्केचाळीस कैदी. नियमाने त्यांना तासभर ऊन मिळायचं. नियमानेच हवालदाराने उंबऱ्याच्या आत, बोळात उभं राहायचं होतं.

पाय उशिरा पडत होता हे खरं. मांड्या भरून यायच्या, कंबर धरायची, खुर्चीतून उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागायचा. बायको म्हणाली, गादी बदलू. गादी बदलली. मग बूट बदलले, तेल चोळून झालं. सुट्टीच्या दिवशी तो पडदे ओढून झोपायचा आणि उठल्यावर आणखीच दमलेला असायचा. धाकटी मुलगी त्याच्या मागून बदकासारखी डुलत चालून दाखवायची. सगळे हसायचे. तोही हसायचा, पण मनातून तो घाबरला होता.

पुढच्या महिन्यात टेहळणीच्या मनोऱ्याच्या बहात्तर पायऱ्या शिट्टीवर चढायच्या होत्या. दरवर्षीची परीक्षा. मागच्या वर्षी एक शिपाई साठाव्या पायरीवर बसला, तो पुन्हा कामावर दिसला नाही. सरकारी नोकरीत माणसाने आजारी पडायला हरकत नसते, फक्त ते कागदावर येता कामा नये. घरात दोन मुली शिकत होत्या. हवालदार दुखणं अंगावर काढत राहिला.

त्याच आठवड्यात कैद्यांचं रक्त तपासायला डॉक्टरबाई एका नर्सला घेऊन आल्या. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर होते. घड्याळजीने दंड पुढे केला आणि हवालदाराकडे न बघता पुटपुटला, की नंबराला चेहरा नसतो. हवालदाराच्या डोक्यात ते राहिलं. बाई हात धुवायला गेल्या तेव्हा त्याने नर्सपुढे बाही वर केली. नर्स आधी नको म्हणाली. मग टेबल धरून त्याचं वाकणं तिने पाहिलं आणि सुई उचलली. नाव लिहू नका, बाईंना सांगू नका, एवढंच त्याने मागितलं. नळीवर पुढचा नंबर पडला. अहवाल नेहमीप्रमाणे बराकीवर, म्हणजे त्याच्याच हातात येणार होता.

अहवाल हातात आला नाही. आठ दिवसांनी डॉक्टरबाई स्वतः आल्या, बरोबर जेलरसाहेब. कैदी बोळात रांगेने उभे राहिले. बाई नंबर वाचत गेल्या. कोणाची साखर वाढली होती, कोणाचं रक्त कमी होतं. हाडांचं मात्र बहुतेकांचं ठीक होतं. रोजचं ऊन कामी आलं होतं. शेवटच्या कागदाशी त्या थांबल्या आणि त्यांनी बेचाळीस नंबर कोण, असं विचारलं.

जेलर हसले. म्हणाले, माझ्याकडे एक्केचाळीसच आहेत. बाई हसल्या नाहीत.

"या माणसाच्या अंगात ड जीवनसत्त्व नावालाच उरलंय. हाडं आतून मऊ पडत चाललीत, धड उठताही येत नसेल त्याला. आठवड्याला एक पुडी दुधातून, आठ आठवडे, ती मी देईन. पण औषधाचं नंतर बघू. याने कित्येक वर्षं ऊन बघितलेलं नाही. कुठे कोंडून ठेवलंय तुम्ही याला?"

जेलरचा चेहरा उतरला. इथली अंधारकोठडी केव्हाच बंद झाली, हवं तर दारं उघडून बघा, असं ते म्हणाले. बाईंचा विश्वास बसला नाही. आजच वर तक्रार करते, म्हणाल्या. तेव्हा जेलर हवालदाराकडे वळले. त्याची मोजणी अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. बाईंना खरा आकडा सांगा, म्हणाले.

नंबर चुकून पडला असेल, एवढंच बोलायचं होतं. वाक्य जिभेवर तयार होतं. पण मग बाई तक्रार करणारच होत्या, आणि जेलर कडक असले तरी त्यांनी कोणाला कोंडलं नव्हतं. हवालदाराला मुली आठवल्या, बहात्तर पायऱ्या आठवल्या. कित्येक वर्षं ऊन बघितलेलं नाही, हे बाईंचं बोलणं कानातून जाईना. त्याला लाज वाटली, आणि कधी नव्हे ती स्वतःची कीव आली. समोर घड्याळजी त्याच्या डाव्या पायाकडे बघत होता.

बाईंनी कागद वर धरला, कैद्यांच्या रांगेवरून नजर फिरवली आणि मोठ्याने पुकारलं, "बेचाळीस."

हवालदाराने डोक्यावरची टोपी काढली, रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हजर."