पाहुण्यांसाठी उजेड

खग्रास ग्रहणाचा फोटो काढायला भार्गव आपल्या कीर्तनकार आईला घेऊन, हाडं खिळखिळी करत या माळावर आला होता. आकाशात टांगलेल्या, सूर्यप्रकाश खाली परतवणाऱ्या आरशांनी रात्र कधीच संपवली होती. कृष्णाने जयद्रथासाठी सूर्य कसा झाकला, हे जन्मभर रंगवून सांगणाऱ्या अंबूताईंनी खरा अंधार पाहिलाच नव्हता.

सूर्य झाकला गेला आणि माळ लख्ख उजळला.

"पाहुण्यांना ठेच लागू नये म्हणून चार आरसे इकडे वळवून घेतले!" सरपंच कौतुकाने म्हणाले.

"अहो, अंधारच बघायला आलो होतो आम्ही!" भार्गव ओरडला.

सरपंचांनी धावपळ करून आरसे फिरवले, तोवर सूर्य बाहेर आला होता.

"कर्म माझं!" भार्गवने कॅमेरा पिशवीत कोंबला.

अंबूताईंनी आपला पदर त्याच्या डोक्यावर ओढला. "ये, एवढा अंधार पुरे आपल्याला," म्हणत त्यांनी जयद्रथाचं आख्यान सुरू केलं.