एकही ओरखडा नाही

"खाजवते का?" डॉक्टर परेशनी विचारले.

"नाय, पन..." समृद्धीची आई विनिता म्हणाली.

"पण नको. नाही म्हणजे नाही."

त्यांनी सहा वर्षांच्या समृद्धीचा हात दिव्याखाली ओढला आणि कोपराची घडी भिंगातून पाहिली. एकही ओरखडा नव्हता. महिन्यापूर्वी याच घडीतून रक्त येत होते. तो फोटो संगणकावर उघडाच होता. आजचा फोटो काढून त्यांनी शेजारी लावला आणि लोक स्वतःच्या मुलाची गुणपत्रिका पाहतात तसे दोन्हींकडे पाहत राहिले.

रविवारी पनवेलच्या डॉक्टरांची सभा होती. लहान मुलांच्या इसबात गुण किती आला, हे ठरवताना त्या मुलांना आणि त्यांच्या आयांना विचारावे की नाही, असा विषय होता. विचारावे, या बाजूने त्यांचीच मदतनीस डॉक्टर नाझिया बोलणार होती. त्यांना त्याचे हसू येई. आयांचे म्हणणे म्हणजे त्यांच्या लेखी मासळीबाजारातला गलका. खाज काही थर्मामीटर लावून मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही ते नसतेच, एवढे त्यांचे शास्त्र सोपे होते. हे दोन फोटो दाखवले की सभा संपली.

मागच्या वेळी विनिताने पोरीच्या रात्रींबद्दल सांगायला सुरुवात केली होती. रिक्षा बदलत बेलपाड्याहून आलेली बाई. तिला जरा जास्तच सांगायचे असावे. डॉक्टरांनी हात वर केला होता. "ओ ताई, कहाणी नको. मलम लावा आणि हिला खाजवू द्यायचं नाही. तुमचं काम एवढंच." विनिताने मान डोलावली होती.

आता समृद्धी जांभयांवर जांभया देत होती. रात्री हिच्या हातात मोबाइल देऊ नका, डॉक्टर म्हणाले. नाझियाने पोरीच्या मनगटांवरचे तांबूस वळ दाखवले. बांगड्या घट्ट झाल्या असतील. आपण कातडीचे डॉक्टर आहोत, कासार नव्हे, असे त्यांनी तिला ऐकवले. मग निकाल सांगितला. पोरगी बरी झाली. औषध आजपासून बंद, पुन्हा यायचे कारण नाही. विनिता काही बोलायला गेली, तोच त्यांनी पोरीची फाइल मिटली.

"सर, हिला एकदा विचारू?" नाझिया म्हणाली.

"विचारा. उद्या गळू कापताना चाकूही पेशंटच्याच हातात द्या."

नाझिया पोरीपुढे वाकली. "समृद्धी, खाज येते का गं?"

पोरीने आधी आईकडे पाहिले. "येते. लय येते."

डॉक्टर मोठ्याने हसले. रविवारसाठी आयता किस्सा मिळाला होता. त्यांनी खुर्ची वळवली आणि खोट्या साक्षीदाराला वकील विचारतो तसे समृद्धीला विचारले, "लय येते? मग खाजवत का नाहीस?"

समृद्धीने दोन्ही मनगटे पुढे केली.

"आय हात बांधते ना रातचे," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं तिला."