कानातला बिऱ्हाडकरू
न्यूकॅसलच्या निवृत्त बसचालक नॉर्मनच्या कानात तीस वर्षांपासून फक्त त्यालाच ऐकू येणाऱ्या एका आवाजानं बिऱ्हाड थाटलं होतं. “म्हाताऱ्या, तुझं काही व्हायचं नाही,” एवढंच तो दिवसभर घोकायचा. शिकाऊ मानसोपचारक हिल्डानं नॉर्मनला गृहपाठ दिला: या वाक्याच्या बाजूचे नि विरुद्धचे पुरावे शोधा. तिच्या अभ्यासक्रमाच्या परीक्षकांना पाठवायचं त्या दिवशीच्या उपचार-बैठकीचं रेकॉर्डिंगही घरी ऐकायला दिलं. आठवड्यानं नॉर्मननं तेच तिच्यापुढे लावलं. “शेवट ऐक, पोरी.” रेकॉर्डिंगमध्ये नॉर्मनच्या मागं दार लागलं, कप किणकिणले आणि हिल्डाचाच आवाज मैत्रिणीला म्हणाला, “म्हाताऱ्याचं काही व्हायचं नाही गं!” यंत्र बंद करायचं राहिलं होतं. हिल्डाच्या तोंडचं पाणी पळालं. “मी... चुकले. खूप चिडलात?” “चिडलो तर! दोन दिवस जेवलो नाही.” त्यानं खुर्ची पुढे ओढली. “पण तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या कानातलं दुसऱ्या कुणाला ऐकू आलं. आता सांग, कसं वाटलं?”