न केलेला ताळा

नवरा गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाची प्रार्थना उरकली, तशी कार्तागोच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या ओर्तेन्सियाबाईंनी बोटातली अंगठी काढून जुन्या विद्यार्थिनीला दाखवली. आत पंधरा आकडी संख्या कोरलेली होती.

"लग्नात एवेलियोनं घातली. म्हणाला, ही मूळ संख्या आहे. हिला कुण्णी भागू शकत नाही, आपल्या दोघांसारखं."

"आणि तुम्ही तपासली नाहीत, बाई? आमचे तर ताळा केला नाही म्हणून अर्धे मार्क कापायचात!" योर्लेनीनं हसत हसत ती मोबाइलमध्ये टाकली आणि उत्तर पुन्हा वाचलं. "बाई, ही मूळ नाहीये. दोन आठ आकडी संख्यांचा गुणाकार आहे."

तिनं पहिली संख्या वाचली. बाई चक्क लाजल्या. "ही तर त्याची जन्मतारीख! लबाड कुठला. म्हणजे दुसरी माझी. वाच, वाच."

"दोन, तीन, शून्य, सात..."

"नीट वाच गं! मी सतरा एप्रिलची. तेवीस जुलै तर आमच्या फ्लोरीचा वाढदिवस."

पाहुण्यांसाठी कॉफी गाळणाऱ्या धाकट्या बहिणीचा, फ्लोरीचा हात थांबला.

"नीटच वाचतेय ती, ताई."