रिळाचा डबा

शैलजाच्या वडिलांचा, आबांचा दहावा काल झाला आणि आज पुण्याचा संशोधक दारात हजर. तिच्या आजोबांनी कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी काढलेल्या मूकपटाचं एकमेव रीळ त्याला हवं होतं. “घावलं की देतो,” असं आबा त्याला वर्षानुवर्षं सांगत आले होते. दमलेल्या शैलजानं माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. पाहुण्यानं पांढरे हातमोजे चढवले. आत रीळ नव्हतं, तान्ह्या बाळाचे चांदीचे वाळे होते. “तुझंच की गं,” आत्या म्हणाली. “फिल्म चिकटून गेलती. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असतोय. दादानं हुपरीच्या चांदीवाल्याकडं नेऊन ती काढली, तुझ्या बारशाला वाळं केलं. लाजंनं कुणाला बोलला न्हाय.” पाहुणा वाळ्यांवर वाकला. मग म्हणाला, “सिनेमाचं एवढंच उरलंय. द्याल?” शब्द आबांनी दिला होता. शैलजानं वाळे मुठीत आवळले. “डबा न्या.” त्यानं रिकामा डबा दोन्ही हातांनी उचलला, आत रीळ असल्यासारखा.