विहिरीवरची गडगडी

धनीरामनं गडगडीला तेल घातलं आणि दोर ओढून पाहिला. लोखंडी चाक गरगर फिरलं, भरलेली बादली वर आली, पण आवाज म्हणून आला नाही.

"घे माय. लय किरकिर केली इनं तुह्या कानाशी. आता बसली चूप."

सत्यभामाबाई मागच्या ओट्यावर टेकून बसल्या होत्या. नवऱ्याच्या तेरवीच्या पंगती नुकत्याच उठल्या होत्या. शहापूर तर सगळं लोटलंच, पण पार आसगावकडचे धानवालेही मारोतराव मिस्त्रींच्या नावानं जेवून गेले. गुण ऐकून ऐकून बाई शिणल्या होत्या. मिस्त्रीचा हात लागला की मेलेलं इंजिन उठून बसे. मिस्त्री रस्त्यावरच्या ट्रकचा नुसता आवाज ऐकून सांगे, 'हा साकोली गाठत नाही', आणि ट्रक लाखनीलाच बसे. बहिणी उजवल्या, भावांना धंद्याला लावलं, पोराला चिखल्याच्या खाणीत फिटर केलं. कधी दारूला शिवला नाही. असा माणूस होणे नाही!

खोटं काहीच नव्हतं. बाई मान डोलवत राहिल्या आणि मनात म्हणत राहिल्या, सगळ्यांचं केलं बाप्पा, माझं तेवढं राहिलं.

शेजारची देवकाबाई नेहमी चिडवायची, "मिस्त्रीन, दिव्याखाली अंधार व तुह्या घरी!" गावभरच्या यंत्रांना तेल आणि घरची गडगडी मात्र बोंबलतेय. थोरली चंद्रकांता गेली त्या साली ती वाजायला लागली, ती वाजतच राहिली. बाई म्हणायच्या, "थेंबभर तेल घाला." मिस्त्री म्हणायचे, "घालतो." पंधरा वर्षं नुसतं घालतो.

त्यात त्यांचा तो चहा. पाणी ओढून झाल्यावर बाई काठाशी घटकाभर विसावल्या, की पुढच्या शेडमधून हाक यायचीच, "धनीरामची माय, चहा मांड व!" एवढ्या तातडीनं करून न्यावा, तर संध्याकाळी कप परत यायचा तसाच, वर साय धरलेला. म्हातारपणी चहाची चटक लागली आणि तीही धड नाही, असं म्हणून बाई तो चहा मोरीत ओतायच्या.

खरा सल याहून खोल होता. चंद्रकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती या घरातून जिवंत परत गेली नाही. बाळही वाचलं नाही. विहीणबाई भांडल्या नाहीत, जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमच्या हाती देली होती." ते शब्द बाईंच्या छातीत रुतून बसले. महिन्याभरानं, एका दुपारी, त्या या विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसल्या. मन पक्कं झालं होतं. तेवढ्यात शेडमधून हाक आली, "चहा मांड व!" नवऱ्याची हाक आली की उठायचं, ही हाडीमाशी मुरलेली सवय. त्या उठल्या.

आपण मरायला निघालो होतो आणि या माणसाला चहा सुचत होता! बाईंनी हे कुणाला सांगितलं नाही, आणि नवऱ्याला माफही केलं नाही. लाखनीला बसणारा ट्रक ज्याला शहापुरात कळतो, त्याला बायकोचं काही कळू नये?

"माय, एक सांगू?" धनीराम हात पुसत ओट्याशी येऊन बसला. "मॅट्रिकले होतो तवा मी इले ग्रीस लावलं होतं. बाबूजीनं थोबाडीत देली माह्या."

बाईंनी मान वर केली. या माणसानं पोरांवर कधी हात उचलल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"काहून रे?"

"काय मालूम. मंग राख आनून सोताच्या हातानं सारं ग्रीस पुसलं. म्हने, वाजू दे तिले. ती वाजते तवरक माहं कामात ध्यान राह्यते."

बाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, विहिरीपाशी गेल्या आणि बादली आत सोडली. ओढताना चाक मुकाट फिरलं. पाणी घागरीत ओतून त्या नेहमीसारख्या काठाशी टेकल्या. खालचं पाणी काळंशार होतं. शेड बंद होती. बराच वेळ गेला, हाक आली नाही.

गडगडी वाजतेय, म्हणजे बायको पाणी ओढतेय. थांबली आणि घागर घरात आली नाही, की हाक. पंधरा वर्षं हा माणूस ठोकाठोकीच्या आवाजात एक कान इकडे लावून बसला होता! बाईंचे डोळे भरून आले. इतकी वर्षं मनात त्याला बोल लावला, त्याचं वाईट वाटलं, आणि हे एकदाही तोंडानं बोलला नाही म्हणून त्याचा रागही आला.

"धनीराम, ते तेल पुसून टाक बाबू."

"काहून व माय?"

बाईंना ती पहिल्या चहाची दुपार दिसत होती. काठावरून उठून, धुसफुसत, चुलीवर आधण ठेवून त्या वाटी घेऊन देवकाबाईच्या दारात गेल्या होत्या, कारण घरात चहापत्तीच नव्हती. देवकाबाईनं वाटी भरता भरता विचारलं होतं, आणि बाईंनी ते तेव्हा ऐकूनही ऐकलं नव्हतं:

"कोनासाठी व? मिस्त्री त जल्मात चहा पेले नाही!"