जुनेच कॉइलओव्हर

वीणाला सातवा महिना होता. गाडीच्या दणक्यांनी तिचा जीव जायचा, आणि रणजित हसून म्हणायचा, “स्पोर्ट्स सस्पेन्शन आहे बाईसाहेब, होईल सवय!”

लेक तीन वर्षांची झाली. गाडीचे कॉइलओव्हर, म्हणजे सस्पेन्शनचे ते कडक स्प्रिंग, झिजले, आणि रणजितला स्लिप डिस्क झाली. जपानमधल्या कावासाकी शहरातल्या एका गॅरेजमध्ये तो कमरेला पट्टा आवळून बसला होता. त्याला जपानीचं ओ की ठो कळत नसल्याने बोलणं वीणाकडेच होतं.

मेकॅनिक इशिदा-सान तिला म्हणाले, “जुने दुरुस्त केले तर पहिल्यासारखेच कडक होतील. यांच्या पाठीसाठी नवे, मऊ बसवा.”

“काय म्हणतायत गं?” रणजितने कण्हत विचारलं.

“नवे मिळतच नाहीत म्हणे. जुनेच दुरुस्त करून घेऊ.”



मग त्याच्या पट्ट्यावर हलकेच थोपटत ती म्हणाली, “होईल रे सवय!”